तंत्रोद्योग-संवर्धन केंद्रे, महाराष्ट्रातील

तंत्रविद्येतील एखाद्या नव्या शोधावर किंवा कल्पनेवर आधारलेला उद्योग स्वतःच्या बळावर उभा राहीपर्यंत त्यास जागा, प्रयोगशाळा, भांडवल, तज्ञांचा सल्ला व बाजारपेठेशी संपर्क या सोयी ठराविक मुदतीपर्यंत पुरविणाऱ्या संस्थेस तंत्रोद्योग-संवर्धन केंद्र म्हणतात. व्यवहारात ‘इन्क्युबेटर’ किंवा ‘इन्क्युबेशन सेंटर’ हीच नावे अधिक रूढ आहेत. मुदत संपल्यावर उद्योगाने केंद्राबाहेर पडावे व रिकामी झालेली जागा दुसऱ्या नवोदितास मिळावी, असा सर्वसाधारण नियम असतो. औद्योगिक वसाहतीत उत्पादनाची पद्धती सिद्ध झालेल्या उद्योगास जागा मिळते. संवर्धन केंद्रात मात्र उद्योग सिद्ध व्हावयाचा असतो. दोहोंमधील हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय महाराष्ट्रातील शासकीय साहाय्याचा इतिहास नीट समजत नाही.

अशा उद्योगास आरंभीच्या काळात बँकेकडून कर्ज मिळणे दुरापास्त असते. गहाण ठेवण्याजोगी मालमत्ता नसते, मालास गिऱ्हाईक मिळेल याची शाश्वती नसते आणि कल्पना प्रयोगशाळेबाहेर यशस्वी होईल की नाही, हेही अनिश्चित असते. ही जोखीम काही अंशी समाजाने, म्हणजेच शासनाने, उचलावी हे संवर्धन केंद्रांमागील मूलभूत तत्त्व होय. शासकीय साहाय्य तीन प्रकारचे असते : जागा व इमारती, पैसा, आणि तज्ञांचे ज्ञान व प्रयोगशाळा यांचा नित्य लाभ. यांपैकी पहिले देणे शासनास सर्वांत सोपे व तिसरे सर्वांत कठीण असते. महाराष्ट्रातील अनुभव पाहता, केंद्राचे यशापयश मुख्यतः तिसऱ्या प्रकारावर अवलंबून राहिले असे दिसते.

संकल्पनेचा उगम : या प्रकारच्या संस्थेचा आरंभ सामान्यतः १९५९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या बटेव्हिया या गावी झाला, असे मानतात. तेथील शेती-अवजारांचा मोठा कारखाना बंद पडल्यावर जोसेफ मॅन्क्युसो यांनी त्या प्रचंड इमारतीचे भाग पाडून ते लहान उद्योगांना भाड्याने दिले आणि त्यांना हिशेब, कर्ज व विक्री यांबाबत सल्ला देण्याची व्यवस्था केली. भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिले उबवून काढणारा एक व्यवसाय होता. त्यावरून अंडी उबवण्याच्या यंत्राचे ‘इन्क्युबेटर’ हे नाव या संस्थेस चिकटले, असे सांगतात. बटेव्हियातील हा उपक्रम खाजगी होता. शासनाने या कल्पनेचा धोरण म्हणून स्वीकार केला तो प्रामुख्याने १९८० नंतरच्या काळात. चीनमध्ये १९८७ साली वूहान येथे पहिले संवर्धन केंद्र स्थापन झाले आणि १९८८ च्या ‘टॉर्च’ कार्यक्रमाद्वारे शासनाने अशा केंद्रांचा देशभर प्रसार केला.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर उद्योगांना द्यावयाच्या शासकीय साहाय्याचा भर जागा व सवलती यांवर होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले. ठाण्याची वागळे वसाहत, पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड, औरंगाबादजवळील (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा व पुढे वाळूज अशा वसाहती त्याने विकसित केल्या. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील उद्योगांचे केंद्रीकरण कमी व्हावे म्हणून १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू करण्यात आली. पुढे तिच्यात विकासाच्या पातळीनुसार राज्यातील प्रदेशांचे गट पाडून मागासलेल्या भागांना अधिक सवलती देण्यात येऊ लागल्या. सिकॉम (१९६६) व मराठवाडा विकास महामंडळ (१९६७) या संस्थाही याच धोरणातून निर्माण झाल्या. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे स्थापन झाली.

या उपायांनी मराठवाड्यात कारखाने आले, हे नाकारता येत नाही. वाळूज येथे १९८५ साली सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना व त्याच्याभोवती वाढलेले सुट्या भागांचे उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि हे उद्योग बाहेर सिद्ध झालेल्या तंत्रविद्येचा वापर करणारे होते. स्थानिक तरुणास सुचलेली एखादी कल्पना तपासून पाहण्यासाठी या व्यवस्थेत जागा नव्हती. गाळा, वीज व कर्ज मागणाऱ्याजवळ उत्पादनाची पक्की योजना असलीच पाहिजे, असे तिने गृहीत धरले होते.

जालन्यातील बीजोद्योग : याच काळात जालना येथे एक निराळी घटना घडली. तेथील शेतकरी-उद्योजक बद्रिनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे मिळवून त्याची लागवड व विक्री सुरू केली. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगास हा वाण त्या काळी दाद देत नसे. १९६४ साली त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली. त्याच सुमारास भारतीय कृषी अनुसंधान परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने चाललेल्या संशोधनातून संकरित मका (१९६१), ज्वारीचा सीएसएच-१ (१९६४) आणि बाजरीचा एचबी-१ (१९६५) हे संकरित वाण पुढे आले. शासकीय संशोधकांनी नव्या कंपनीस पायाभूत बियाणे व तंत्र उपलब्ध करून दिले. कंपनीने शेतकऱ्यांशी करार करून त्यांच्या शेतांवर बीजोत्पादन केले. राष्ट्रीय बीज निगम (१९६३) व बियाणे अधिनियम (१९६६) यांमुळे बियाण्याच्या व्यवहारास संस्थात्मक व कायदेशीर चौकट लाभली. यथावकाश जालना हे देशातील बीजोद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले. बारवाले यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

जालन्यात त्या वेळी संवर्धन केंद्र नावाची कोणतीही संस्था नव्हती. परंतु संशोधनसंस्थेचे ज्ञान, ते पोहोचविणारे तज्ञ, गुणवत्तेची कायदेशीर हमी व जवळच तयार असलेले गिऱ्हाईक या संवर्धनाच्या बहुतेक सर्व गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. त्यामुळे हे उदाहरण या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. सार्वजनिक ज्ञानाच्या आधारे वाढलेला उद्योग पुढे प्रबळ झाल्यावर त्याचा लाभ कोणास किती मिळावा, हा प्रश्न निर्माण होतो. बीटी कापसास २००२ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर बियाण्याच्या किंमतीवरून वाद झाले आणि महाराष्ट्र शासनाला २००९ साली कापूस बियाण्याच्या किंमती ठरविण्यासाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला.

केंद्र शासनाच्या योजना : विज्ञान व तंत्रविद्या क्षेत्रातील पदवीधरांनी नोकरीऐवजी उद्योगाकडे वळावे, या हेतूने केंद्र शासनाने १९८२ साली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रविद्या उद्योजकता विकास मंडळ स्थापन केले. त्याच दशकात शैक्षणिक संस्थांच्या आवारात उद्योजकांसाठी विज्ञान व तंत्रविद्या पार्क उभारण्याची योजना सुरू झाली. पुणे विद्यापीठाच्या आवारातील पार्क हे तिचे महाराष्ट्रातील उदाहरण. उद्योजकांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबाद येथे १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली. प्रशिक्षण हे त्याचे मुख्य कार्य असल्यामुळे प्रयोगशाळेतील संशोधनाशी त्याचा संबंध मर्यादित राहिला. २००० नंतर विज्ञान व तंत्रविद्या विभागाने तंत्रोद्योग-संवर्धन केंद्रांची स्वतंत्र योजना हाती घेतली. जैवतंत्रविद्येसाठी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायरॅक’ या शासकीय कंपनीने पुढे त्या क्षेत्रातील केंद्रांना साहाय्य दिले. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये सामाजिक दायित्वाचा निधी मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांतील संवर्धन केंद्रांना देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे खाजगी कंपन्यांचा पैसाही या कामाकडे वळला.

मुंबई व पुणे : पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत (आय.आय.टी.) १९९९ च्या सुमारास माहिती तंत्रविद्येपुरता एक प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. त्याच्या अनुभवावरून २००४ मध्ये ‘साइन’ या संस्थेची स्थापना झाली. संस्थेतील प्राध्यापक, विद्यार्थी व प्रयोगशाळा यांचा आधार हे तिचे मुख्य भांडवल. साहाय्याच्या मोबदल्यात ती नव्या कंपनीचा थोडा भाग घेते. कंपनी यशस्वी झाल्यास त्याची वाढलेली किंमत पुढील नवोदितांच्या उपयोगी पडते. येथे वाढलेल्या उद्योगांपैकी मानवरहित विमाने (ड्रोन) तयार करणारी आयडियाफोर्ज ही कंपनी २००७ साली स्थापन झाली. तिने संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या सहकार्याने ‘नेत्र’ हे टेहळणी विमान सिद्ध केले आणि २०२३ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात नोंदले गेले. या सोळा वर्षांच्या वाटचालीत शासन केवळ अनुदान देणारे नव्हते, तर पहिल्या ग्राहकांपैकी एक होते.

पुण्यातील पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (स्थापना १९५०) आवारात २००७ साली ‘व्हेंचर सेंटर’ सुरू झाले. रसायने, पदार्थविज्ञान, वैद्यकीय साधने व जैवतंत्रविद्या ही त्याची क्षेत्रे. या विषयांत साधा प्रयोग करावयाचा तरी महागडी उपकरणे लागतात व ती एकट्या उद्योजकास परवडत नाहीत. केंद्र ती सामाईकपणे उपलब्ध करते आणि एकस्वे (पेटंट), परवाने व चाचण्या यांबाबत मार्गदर्शनही करते. साइन व व्हेंचर सेंटर ही दोन्ही केंद्रे दीर्घकाळ शासकीय पैशावर पोसलेल्या संशोधनसंस्थांच्या आश्रयाने वाढली. संवर्धन केंद्रास मिळालेल्या अनुदानामागे संशोधनसंस्थेवर कित्येक दशके केलेला खर्च उभा होता.

आग्नेय आशियातील तुलना : शासकीय पुढाकाराचे विविध प्रकार आग्नेय आशियातील देशांत पाहावयास मिळतात. सिंगापूरने १९८० साली विज्ञान पार्क उभारण्यास आरंभ केला. १९९९ मध्ये तंत्रोद्योजकतेचा स्वतंत्र कार्यक्रम आखून एक अब्ज अमेरिकी डॉलरचा गुंतवणूक निधी निर्माण केला. तेथेच २०११ मध्ये पाडावयाच्या यादीत असलेली आयर राजा वसाहतीतील ७१ क्रमांकाची जुनी कारखाना-इमारत नवोद्योगांना देण्यात आली. राष्ट्रीय विद्यापीठाच्या सहभागामुळे ती अल्पावधीत गजबजली. मलेशियात बहुमाध्यम महामार्ग प्रकल्प (१९९६), आरंभीच्या कल्पनांना अनुदान देणारा क्रेडल निधी (२००३) व नवकल्पनांसाठीचे ‘मॅजिक’ केंद्र (२०१४) अशा संस्था एकामागून एक निघाल्या. त्यांची कार्ये परस्परांत मिसळू लागल्याने २०२१ मध्ये मॅजिक व मलेशिया तंत्रविद्या पार्क यांचे एकत्रीकरण करण्यात आले. इंडोनेशियात सर्पोंग येथे १९७६ पासून शासकीय संशोधन-नगरी उभी राहिली. मात्र संवर्धन केंद्रांविषयीचा राष्ट्राध्यक्षांचा नियम २०१३ मध्ये निघाला. फिलिपीन्सने २०१९ मध्ये नवोद्योगांसाठी खास कायदा केला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने थायलंड व व्हिएटनाम यांचे अनुभव अधिक उद्बोधक आहेत. थायलंडमध्ये १९९१ साली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रविद्या विकास अभिकरण स्थापन होऊन राजधानीजवळ पथुम थानी येथे विज्ञान पार्क उभे राहिले. परंतु तेवढ्यावर न थांबता चिआंग माई, खोन केन व सोंगखला येथील विद्यापीठांच्या आधारे उत्तर, ईशान्य व दक्षिण भागांसाठी प्रादेशिक विज्ञान पार्क निर्माण करण्यात आले. व्हिएटनाममध्ये हो चि मिन्ह शहराच्या ग्रामीण सीमेवरील कू ची भागात २००४ मध्ये कृषिविषयक उच्चतंत्र पार्क स्थापन झाले. राजधानीतील केंद्राचा लाभ दूरच्या प्रदेशास आपोआप होत नाही, हे ओळखून केलेल्या या व्यवस्था होत.

राज्याचे धोरण : १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’ कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षीच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली निवडक केंद्रांना पाच वर्षांत कमाल १० कोटी रु. अनुदान देण्याची तरतूद झाली. २०२१ मध्ये ९४५ कोटी रु. तरतुदीची बीजभांडवल योजना आली. तिच्याद्वारे संवर्धन केंद्रांमार्फत कल्पना तपासण्यासाठी एका उद्योगास २० लाख रु. पर्यंत अनुदान मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली राज्य नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले व त्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी स्थापन केली. सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून किमान १५ संवर्धन केंद्रे विकसित करणे हे या धोरणाचे एक उद्दिष्ट होते. त्याच वर्षापासून भरविण्यात आलेल्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ उद्योगांना शासकीय विभागांकडून प्रत्येकी १५ लाख रु. पर्यंतच्या कामाचे आदेश देण्याची पद्धत सुरू झाली. शासनाने अनुदानाऐवजी काम देणे, ही या धोरणातील लक्षणीय गोष्ट. २०२५ मध्ये या धोरणाच्या जागी नवे धोरण मंजूर झाले असून त्यात ५०० कोटी रु. च्या निधीची तरतूद आहे.

मराठवाड्यातील स्थिती : मराठवाड्यात ज्ञानसंस्थांचा पाया उशिरा घातला गेला. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये व परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सु. ३,१८६ कोटी रु. ठरविला, त्यात मराठवाड्याचा वाटा सु. २४ टक्के होता. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य इ. क्षेत्रांचा त्यात विचार झाला. संशोधक, प्रयोगशाळा व जोखीम पत्करणारे भांडवल यांचा अनुशेष मात्र अशा मोजणीत दिसत नाही.

अलीकडील काळात ही उणीव काही अंशी भरून येऊ लागली आहे. मराठवाड्यातील उद्योजकांच्या संघटनेने २०१६ च्या सुमारास औरंगाबाद येथे ‘मॅजिक’ या नावाचे संवर्धन केंद्र सुरू केले (मलेशियातील समान नावाच्या संस्थेशी त्याचा संबंध नाही). डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल अभियानाखालील केंद्र स्थापन झाले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा (आय.सी.टी.) मराठवाडा परिसर २०१८ मध्ये जालना येथे सुरू झाला, बियाणे व पोलाद या दोन उद्योगांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात उच्च दर्जाची संशोधनपरंपरा असलेल्या संस्थेने यावे, ही गोष्ट भावी काळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तरीही जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे या केंद्रांशी असलेले अंतर पुष्कळ आहे. जालना–मंठा मार्गावरील परतूर तालुक्यातील वाटूर हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही या प्रदेशातील पिके, आणि पावसाची अनिश्चितता ही त्याची कायमची अडचण. अशा गावातील पदवीधरास साठवणुकीतील तुरीला लागणारी कीड, कापूस वेचणीची मजुरी किंवा जमिनीतील ओलावा मोजण्याचे स्वस्त साधन यांविषयी कल्पना सुचू शकते. कारण प्रश्न त्याच्या दाराशी असतो. परंतु ती तपासण्यासाठी लागणारी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या किंवा त्याहून दूरच्या ठिकाणी असते. अर्ज संगणकावरून करता येतो, सल्लाही दूरध्वनीवरून मिळतो. उपकरणाची चाचणी मात्र कोठेतरी प्रत्यक्षच करावी लागते. त्यासाठी घरची शेती सोडून पुण्या-मुंबईत वर्ष-दोन वर्षे राहणे बहुतेकांना शक्य नसते. परिणामी ज्याला प्रश्न ठाऊक आहे तो केंद्रापर्यंत पोहोचत नाही आणि केंद्रात असलेल्यास प्रश्नाची धग जाणवत नाही.

या बाबतीत कृषी संवर्धन केंद्रांचा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) २००३ साली केंद्र शासनाच्या साहाय्याने कृषी-उद्योग संवर्धन केंद्र सुरू झाले. कोरडवाहू पिकांवरील संशोधन हा त्याचा आधार होता. मुंबईच्या कापूस तंत्रविद्या संशोधन संस्थेतही (सिरकॉट) असे केंद्र आहे. केंद्रीय कृषी विकास योजनेखाली २०१८-१९ पासून कृषी नवोद्योगांना कल्पनेच्या अवस्थेत ५ लाख रु. व पुढील अवस्थेत २५ लाख रु. पर्यंत साहाय्य देण्याची सोय करण्यात आली.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील साठ वर्षांच्या अनुभवातून शासकीय साहाय्याविषयी काही निष्कर्ष निघतात. इमारत व अनुदान यांनी केंद्र सुरू होते; परंतु संशोधनसंस्था जवळ असली व तिच्या तज्ञांचा उद्योजकाशी नित्य संबंध राहिला, तरच त्यातून उद्योग निर्माण होतात. पवई व पाषाण येथील यशाचे कारण हेच, आणि १९६० नंतरच्या दशकात जालन्यात बीजोद्योग रुजला त्याचेही कारण हेच. दुसरे म्हणजे, शासनाने ग्राहक होणे हे कित्येकदा अनुदानाहून अधिक उपयुक्त ठरते. तिसरे म्हणजे, असा उद्योग सिद्ध होण्यास दहा-पंधरा वर्षे लागू शकतात. योजनांची मुदत मात्र बहुधा पाच वर्षांची असते व त्यांचे यश लाभार्थींच्या संख्येवर मोजले जाते. संख्येचे उद्दिष्ट गाठण्यासाठी लवकर दिसणारे, शहरी व संगणकाधिष्ठित उद्योग निवडण्याकडे साहजिकच कल होतो आणि शेती, पाणी, आरोग्य यांसारख्या संथ गतीने फळणाऱ्या क्षेत्रांची उपेक्षा होते. परभणीचे कृषी विद्यापीठ, जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे व जालन्यातील नवा रसायन परिसर यांच्या प्रयोगशाळा आसपासच्या गावांतील नवोदितांना दीर्घ मुदतीसाठी खुल्या झाल्यास मराठवाड्यातील संवर्धन केंद्रांना भक्कम आधार मिळेल. जालन्याच्या बीजोद्योगाचा इतिहास असा आधार या जिल्ह्यात पूर्वी एकदा फलदायी ठरल्याचे दाखवितो.